रीत दोन्ही बाजूंनी बांधते

प्रिय बाळा, अनेक आशीर्वाद.

जिनानची नोकरी पक्की झाल्याचं वाचलं आणि खरंच खूप आनंद झाला. दुभाषी म्हणून पहिलीच नोकरी, तीपण थेट चीनच्या शान्डोंगमधे, म्हणजे कन्फ्युशियस ज्या प्रांतात जन्मला आणि गेला तिथेच, यापेक्षा चांगली सुरुवात मला तरी सुचत नाही. तू विचारलंयस की ताई, हे कन्फ्युशियसचे शिष्टाचार आता तिकडे कोणी पाळतं तरी का, सगळे तर मोबाईलमधे डोकं घालून बसलेले दिसतात, मग कोणी कुठे बसायचं आणि ग्लास किती खाली धरायचा हे पाठ करत बसण्यात काही अर्थ आहे का.

आहे. पाठ कर. पण नुसतं पाठ करून गेलीस तर पहिल्याच महिन्यात गोंधळशील, कारण तिथे एखादी गोष्ट एका टेबलावर मायेने केली जाते आणि शेजारच्या टेबलावर तीच गोष्ट कोणालातरी दाबायला वापरली जाते, आणि बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारख्याच दिसतात. तो फरक तुला ओळखता यायला हवा, आणि त्यासाठी मी तुला खुद्द कन्फ्युशियसचंच एक वाक्य देते, ते धरून ठेव.

लू राज्याच्या तिंग नावाच्या राजाने त्याला विचारलं की राजाने मंत्र्यांना कसं वागवावं आणि मंत्र्यांनी राजाची सेवा कशी करावी. उत्तर एका ओळीचं आहे. राजाने मंत्र्यांना रीतीने वागवावं, मंत्र्यांनी राजाची सेवा निष्ठेने करावी. क्रम बघ ना, आधी वरच्याचं बंधन सांगितलंय, मग खालच्याचं. लोक हे अर्धवट सांगतात, खालच्याने वाकावं एवढंच सांगतात, आणि वरच्याला पण काही पाळायचंय हा भाग सोयीने गाळतात. मला इतक्या वर्षांच्या कामात जे कळलं ते एवढंच की चीनमधे आज रीतीवरून जी काही भांडणं चालू आहेत, घरात, ऑफिसात, सोशल मीडियावर, ती बहुतेक सगळी या गाळलेल्या अर्ध्या भागावरून आहेत. तरुणांना रीत नकोय असं नाही गं, त्यांना एकतर्फी रीत नकोय.

आता थोडा इतिहास, कारण तुझ्या टेबलावर एकाच वेळी तीन पिढ्या बसलेल्या असणार आणि प्रत्येकीचं या गोष्टींशी नातं वेगळं आहे.

साठी-पासष्टीचे जे मालक लोक असतील ना, त्यांना बघून आपल्याला वाटतं की हे जुन्या वळणाचे, यांना सगळं घरातून आलं असणार. उलट आहे. हे लोक शाळेत होते तेव्हा कन्फ्युशियसचं नाव घेणं म्हणजे शिवी होती. नोव्हेंबर १९६६ मधे बीजिंग नॉर्मल युनिव्हर्सिटीचे रेड गार्ड्स, म्हणजे माओच्या बाजूचे विद्यार्थ्यांचे जथे, कन्फ्युशियसच्या गावी छ्यूफूला आले, कन्फ्युशियसच्या मंदिरातल्या मूर्ती आणि शिलालेख फोडले, खोंग, म्हणजे कन्फ्युशियसच्याच घराण्याच्या स्मशानातल्या कबरी उकरल्या. नंतर १९७३-७४ मधे माओविरुद्ध गेल्याचा ठपका असलेला सेनापती लिन ब्याओ आणि कन्फ्युशियस या दोघांवर एकत्र टीका करायची देशभर मोहीम निघाली, शाळेतली पोरं पण त्याच्याविरुद्ध पोस्टर लिहायची. आणि मग १९८१ मधे सरकारलाच पुन्हा सभ्यपणाची मोहीम काढावी लागली, त्यात लोकांना दहा अक्षरं शिकवली गेली, नमस्कार, कृपया, धन्यवाद, माफ करा, पुन्हा भेटू. एवढं साधं! विचार कर, अडीच हजार वर्षं रीतीचं गाणं गाणाऱ्या देशाला 'थँक यू' म्हणायला मोहिमेतून शिकवावं लागलं, म्हणजे मधल्या वर्षांत काय काय तुटलं असेल. तर या पिढीने टेबलावरची रीत बऱ्याच अंशी मोठेपणी शिकली, ऐंशी-नव्वदच्या दशकात, धंदा करता करता, बँक्वेट रूममधे. त्यामुळे तिच्यात पूजाअर्चेपेक्षा हिशोब जास्त असतो. हे मी वाईट अर्थाने म्हणत नाहीये, फक्त तुला माहिती असावं.

त्याच्याही आधीचं एक सांगायला हवं. १९१२ मधे प्रजासत्ताक आलं तेव्हाच गुडघे टेकून डोकं जमिनीला लावायची पद्धत सरकारी रीतीतून काढून टाकली, टोपी काढून कमरेत वाकायचं असं ठरलं, अधिकाऱ्याला 'महाराज', 'मालक' म्हणायचं बंद, हुद्द्याने किंवा 'श्रीयुत' अशा अर्थाच्या शब्दाने हाक मारायची. मग १९१९ च्या आसपासचे लेखक आले, लू शून सारखे, त्यांनी तर सरळ म्हटलं की ही रीतिनीती माणसं खाते. आणि ते खोटं नव्हतं. विधवांना आयुष्यभर कोंडून ठेवणं, मुलींचे पाय बांधणं, बापाच्या शब्दापुढे पोरांची लग्नं आणि आयुष्यं उधळणं, हे सगळं सभ्यपणाच्या नावाखाली चालायचं. म्हणून कोणी तरुण चिनी मैत्रीण तुला म्हणाली की मला हे सगळं अजिबात नको, तर तिला परंपरेचं महत्त्व समजावायला जाऊ नकोस. तिच्या मागे शंभर वर्षांचा राग आहे आणि त्याला कारणं आहेत.

चाळिशीतले लोक मधले. आणि विशी-पंचविशीतले तुझ्या बरोबरीचे, त्यांनी लहानपणी २००८ चं ऑलिम्पिक उद्घाटन टीव्हीवर बघितलं, तिथे कन्फ्युशियसच्या तीन हजार शिष्यांच्या वेषातले कलाकार त्याची वाक्यं म्हणत होते. यातल्या बऱ्याच जणांनी शाळेत 'तित्झ ग्वेइ' पाठ केलंय, छिंग या शेवटच्या राजवटीतलं मुलांसाठीचं नियमांचं पुस्तक, तीन तीन अक्षरांच्या ओळी, आईवडिलांनी हाक मारली की उशीर करू नये वगैरे. काही शाळांत तर मैदानात ओळीने आयांना बसवून पोरांकडून त्यांचे पाय धुवून घेतात, फोटो काढतात. मला ते बघवत नाही. हजार पोरं एकाच वेळी शिट्टीवर आईचे पाय धुतायत याच्यात आई कुठे आहे?

आणि सरकारचं तरी पक्कं ठरलंय का म्हणशील तर बघ, जानेवारी २०११ मधे थिआनानमेन चौकाजवळ, नॅशनल म्युझियमसमोर साडेनऊ मीटर उंच कन्फ्युशियसचा पुतळा उभा राहिला, आणि एप्रिलमधे एका रात्रीत तो तिथून हलवला, काही घोषणा नाही काही नाही. दोन वर्षांनी नोव्हेंबर २०१३ मधे शी जिनपिंग स्वतः छ्यूफूला गेले. तर कोणी तुला ठामपणे सांगितलं की चीन आता पुन्हा कन्फ्युशियसचा झाला किंवा चीनमधे तो कधीच मेला, तर दोघांचंही ऐकून घे आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघ.

आता टेबल. इथे मी जरा सविस्तर लिहिते, कारण शान्डोंगमधे दुभाषाचं अर्धं काम मीटिंग रूममधे आणि अर्धं जेवणाच्या खोलीत असतं.

स्वतंत्र खोली असते, मोठं गोल टेबल, मधे फिरणारी काच. दाराकडे तोंड करून जी खुर्ची, तिथे मुख्य यजमान. त्या जागेचा नॅपकिन बऱ्याचदा सगळ्यात उंच घडी घालून ठेवलेला असतो, तेवढ्यावरून ओळखता येतं. त्याच्या उजव्या हाताला मुख्य पाहुणा, डाव्या हाताला दुसरा पाहुणा. आणि यजमानाच्या बरोब्बर समोर, दाराकडे पाठ करून, दुय्यम यजमान. ही शान्डोंगची खासियत, दुसऱ्या प्रांतात इतकं कडक नसतं. हा दुय्यम यजमान म्हणजे काम करणारा माणूस, डिश कुठली आली, कुणाचा ग्लास रिकामा आहे, वेटरला काय सांगायचं, बिल, सगळं तो बघतो. तुला बहुतेक मुख्य पाहुण्याच्या बाजूला बसवतील म्हणजे कानाशी बोलता येईल. स्वतःहून बसू नकोस, कोणी हाताने दाखवेपर्यंत उभी रहा, सगळेच 'तुम्ही बसा, तुम्ही बसा' करत दोन मिनिटं घालवतात आणि त्यात कोणाला घाई नसते. मासा आला की डोकं मुख्य पाहुण्याकडे येईल असं काच फिरवून थांबवतात, आणि मग माशाच्या डोक्याच्या नावाने एक पेला होतो. चहा कपात दहापैकी सात हिश्शांपर्यंत ओततात, दारू काठोकाठ. ग्लास भिडवताना मोठ्याच्या ग्लासच्या काठापेक्षा आपला काठ खाली. दोघंही नम्र असतील तर दोन्ही ग्लास टेबलापर्यंत खाली जातात, हे तू बघशीलच. लांब बसलेल्या माणसाशी भिडवायचं असेल तर ग्लासचा तळ काचेवर हलकेच टेकवतात. आणि ग्वांगतोंगकडचा कोणी असेल तर चहा ओतल्यावर तो दोन बोटं वाकवून टेबलावर टकटक करेल, ते त्याचं धन्यवाद.

हे सगळं पाठ कर, काही अवघड नाही. आता बघायचं काय ते सांगते.

शान्डोंगमधल्याच वेइफांगला एकदा एका सप्लायरकडे जेवण होतं, चाकणच्या कंपनीचे लोक आणि मी. यजमान साधारण साठीचे, कारखान्याचे मालक. आमच्यातले एक साहेब शाकाहारी, आणि ते कोणाला सांगायला लाजत होते, मी अजून भाषांतर करून सांगितलंही नव्हतं. तिसरी डिश आली तेव्हा मालकाने बोलता बोलताच काच थांबवली, वेटरला जवळ बोलावून काहीतरी कुजबुजले, आणि दहा मिनिटांत टोमॅटो-अंडं, मग अंडंही नको असं दिसल्यावर नुसत्या बटाट्याच्या बारीक कापांची भाजी, लसूण घातलेला पालक, एक एक करत त्या साहेबांसमोर येऊन थांबायला लागलं. चर्चा नाही, 'अरे तुम्ही मांस खात नाही का' नाही, कोणाचं लक्षही गेलं नाही. आणि पेला उचलताना मालक म्हणाले, ज्याला चहा हवा त्याने चहाने करा. त्या टेबलावर जो वर बसला होता तो सगळ्यात जास्त राबत होता. आपल्याकडे पंगतीत घरचा कर्ता पुरुष कमरेला पंचा बांधून शेवटपर्यंत वाढत फिरतो आणि सगळ्यात शेवटी जेवतो, तसंच ते.

आणि दुसरं टेबल कसं असतं ते पण सांगते. साहेब म्हणतात पी, की प्यायचं. नाही म्हटलं की 'म्हणजे तू मला मान देत नाहीस'. बावन्न टक्के अल्कोहोलची बायजिऊ, म्हणजे धान्याची कडक दारू, नवीन लागलेली पोरं, आणि वरचे लोक हसत बघतायत कोण किती टिकतं ते. २०२० च्या ऑगस्टमधे बीजिंगमधल्या एका बँकेत नव्याने लागलेल्या मुलाने दारू प्यायला नकार दिला म्हणून साहेबाने त्याच्या थोबाडीत मारली, त्याने ते ऑनलाइन लिहिलं, देशभर गाजलं, बँकेला माफी मागावी लागली. तेव्हा चिनी तरुणांनी या सगळ्याला जे नाव दिलं होतं ते फार नेमकं आहे, ते म्हणतात ही आज्ञाधारकपणाची परीक्षा आहे. दारूशी त्याचा संबंधच नाही, तू किती वाकतोस एवढंच बघायचंय.

असं पाजणारे लोक हे आमची परंपरा आहे म्हणतात तेव्हा मला राग येतो, कारण 'लुन्यू' मधे, म्हणजे त्याच्या वचनांच्या संग्रहात, जिथे कन्फ्युशियसच्या खाण्यापिण्याच्या सवयी लिहून ठेवल्यात, तिथे स्वच्छ लिहिलंय की दारूला त्याने मोजमाप ठेवलं नव्हतं, पण तोल जाईल इतकी कधी घेतली नाही. आणि त्याच प्रकरणात अजून एक ओळ आहे, गावात मद्यपानाचा सोहळा झाला की काठी टेकत चालणारे म्हातारे बाहेर पडेपर्यंत तो थांबायचा, ते गेले की मग तो उठायचा. ही रीत. म्हाताऱ्यांना घाई होऊ नये, मागे एकटं राहिल्यासारखं वाटू नये म्हणून थांबणं. थोबाडीत मारणं ही कुठली रीत आली?

मग बदलायचं काय आणि धरायचं काय? याचंही उत्तर त्याच पुस्तकात आहे आणि माझं हे सगळ्यात आवडतं आहे. कन्फ्युशियस म्हणतो, विधीची टोपी तागाची असावी अशी रीत, आता लोक रेशमाची वापरतात, त्यात काटकसर आहे, मी लोकांबरोबर. पण राजाला नमस्कार दिवाणखान्याच्या पायऱ्यांखालून करायची रीत, आता लोक वर चढून करतात, हा उद्धटपणा आहे, सगळे तसं करत असले तरी मी खालूनच करणार. म्हणजे तोच माणूस एका वाक्यात काळाबरोबर जातो आणि पुढच्या वाक्यात काळाविरुद्ध उभा राहतो. वस्तू, खर्च, सोय यात बदल झाला तर त्याला चालतं. समोरच्याला कमी लेखणं आलं की नाही चालत.

हे डोक्यात ठेवून आजच्या बदलांकडे बघ, बरंचसं सुटतं. करोनानंतर टेबलावर वाढून घ्यायला वेगळ्या सामायिक चॉपस्टिक ठेवायची मोहीम झाली, आधी यजमान स्वतःच्या चॉपस्टिकने पाहुण्याच्या वाडग्यात वाढायचा, तो जवळिकीचा मार्ग होता, आता वेगळ्या काड्यांनी वाढतो. टोपी बदलली, वाढणं राहिलं. हस्तांदोलनाऐवजी दोन्ही हात छातीपुढे एकावर एक धरून करायचा नमस्कार, पुरुषांचा डावा हात वर, तोही तेव्हा बराच परत आला. पाहुण्यापुढे ताटं उरलीच पाहिजेत, नाहीतर यजमानाची इज्जत जाते, ही जुनी समजूत, तिच्यावर २०२१ च्या एप्रिलमधे अन्न वाया घालवण्याविरुद्ध कायदाच आला, ग्राहकाला जास्त मागवायला लावणाऱ्या हॉटेलला दहा हजार युआनपर्यंत दंड. आता उरलेलं डब्यात भरून नेलं तर कोणी नाक मुरडत नाही. हे सगळं टोपीचं आहे, निश्चिंत रहा, जे चालतंय ते कर.

बायकांचा मुद्दा तू विचारला नाहीस पण मनात असणार. शान्डोंगमधे काही घरांत सणाच्या जेवणाला मुख्य टेबलावर पुरुष बसतात, बायका स्वयंपाकघरात किंवा वेगळ्या टेबलावर. दरवर्षी नववर्षाच्या सुमारास यावरून ऑनलाइन रण पेटतं, बाहेरचे शान्डोंगला नावं ठेवतात, शान्डोंगच्या मुली म्हणतात आमच्या घरी असं नाही, आणि दुसऱ्या मुली खाली लिहितात आमच्या घरी आहे. दोन्ही खरं आहे. तुला कोणाच्या घरी बोलावलं आणि तू परदेशी पाहुणी म्हणून मुख्य टेबलावर, आणि घरातली आई, वहिनी दिसतच नाहीयेत असं झालं तर भांडू नकोस, उठून स्वयंपाकघरात जा, त्यांचं नाव विचार, हे कसं केलंत विचार, आणि टेबलावर परत आल्यावर सगळ्यांसमोर त्यांच्या नावाने पेला उचल. मी हे केलेलं आहे, कोणी नाही म्हणू शकत नाही, आणि त्या बाईला बाहेर यावंच लागतं. पण बायकांनी नमतं घ्यावं, मार खाल्ला तरी उलट बोलू नये असं 'स्त्रीधर्म' म्हणून शिकवणारे क्लास पण निघाले होते, फूशुनमधला एक असा वर्ग २०१७ च्या डिसेंबरमधे लोकांच्या संतापानंतर बंद करायला लागला. असल्या ठिकाणी कोणी बोलावलं तर जाऊ नकोस, अभ्यास म्हणूनसुद्धा नको.

नववर्षाला तू तिकडेच असशील तर एखाद्या गावी जायची संधी सोडू नकोस. शान्डोंगच्या अनेक गावांत अजूनही पहिल्या दिवशी पहाटे घोळक्याने घरोघरी जाऊन वडीलधाऱ्यांसमोर गुडघे टेकतात, अंगणातच, थंडीत. त्याचे व्हिडिओ दरवर्षी फिरतात आणि निम्मे लोक सरंजामी म्हणून ओरडतात. मी व्हिडिओवरून मत बनवलं असतं तर मीही ओरडले असते कदाचित. पण जवळून बघितल्यावर वेगळं दिसतं. घोळका दारात येतो, कोणीतरी मोठ्याने सांगतं आजी, नववर्षाचा नमस्कार, आणि तोपर्यंत आजी दारातून धावत बाहेर, हाताने उठा उठा करत, नको रे नको, आलात त्यातच नमस्कार पोचला, आणि खिशात कोंबायला मूठभर शेंगदाणे आणि गोळ्या. वाकणारा जितक्या घाईने वाकतो तितक्याच घाईने ती त्याला उठवते. शहरातून बीएमडब्ल्यू घेऊन आलेला माणूस आणि गावातला गवंडी एकाच ओळीत गुडघ्यावर असतात. १९१२ ला सरकारने बंद केलेली गोष्ट तिथे अजून टिकलीय याचं कारण मला तरी ते उठवणंच वाटतं, जिथे कोणी उठवत नाही तिथे कोण कशाला जाईल.

आईवडिलांचा विषय चीनमधे सगळ्यात हळवा, त्यावर बोलताना जपून. एकुलती एक मुलं, नोकऱ्या हजार-दीड हजार किलोमीटरवर, आईवडील गावी. १ जुलै २०१३ पासून ज्येष्ठांच्या कायद्यात असं कलमच आहे की लांब राहणाऱ्या मुलांनी आईवडिलांना वारंवार भेटावं किंवा त्यांची चौकशी करावी, आणि त्याच दिवशी वूशीच्या एका कोर्टाने ७७ वर्षांच्या आईच्या खटल्यात मुलीला सांगितलं की दर दोन महिन्यांनी किमान एकदा भेटायला जायचं. लोक म्हणाले माया कोर्टाने कशी आणणार, बरोबर आहे, पण दुसऱ्या बाजूने बघ, सुट्टीच न देणाऱ्या कंपनीला कोण विचारणार? मुलांवर नियम आला, वरच्यांवर तितकासा नाही. परत तेच.

कन्फ्युशियसचं या बाबतीतलं म्हणणं फार कडक आहे. तो म्हणतो हल्ली आईवडिलांना खायला घातलं की झाली सेवा असं समजतात, पण कुत्र्या-घोड्यांनाही आपण खायला घालतोच, आदर नसेल तर फरक काय. आणि पुढे म्हणतो, अवघड असतो तो चेहरा. म्हणजे काम करणं सोपं, ते करताना तोंडावर त्रासिकपणा न आणणं अवघड. तुझ्या ऑफिसातली पोरं आईशी व्हिडिओ कॉलवर बोलताना बघशील ना, तेव्हा हे आठवेल. जुन्या गोष्टींमधली ती आदर्श मुलं, आईला मासा हवा म्हणून बर्फावर उघड्या अंगाने झोपणारा वगैरे, ती आता कोणाला नकोत. २०१२ मधे तिथल्या महिला महासंघाने चोवीस नवीन गोष्टींची यादी काढली, आईवडिलांना इंटरनेट शिकवा, आठवड्याला फोन करा, जुना सिनेमा दाखवायला न्या, आणि एकटे राहिलेल्या आईला किंवा वडिलांना पुन्हा लग्न करायचं असेल तर पाठिंबा द्या. ही शेवटची ओळ वाचून मला फार बरं वाटलं होतं, विधवांना कोंडून ठेवणाऱ्या त्याच परंपरेच्या नावाने आता हे लिहिलं जातंय.

एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंग येईल, पितरांच्या कबरी झाडायचा दिवस, २००८ पासून सार्वजनिक सुट्टी असते. तुझे चिनी सहकारी गावी जातील. तू शिज्याच्वांगला जा, जिनानहून ट्रेन आहे. तिथल्या हुतात्मा स्मारकात आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी आहे, १९३८ मधे पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी चीनमधेच वारले. छिंगमिंगला अनोळखी चिनी माणसं तिथे फुलं ठेवतात, शाळेची पोरं येतात. तीनदा कमरेत वाकतात. तू पण तसंच कर, आपला नमस्कारही कर, दोन्ही चालतं.

आता रोजच्या कामाचं पटापट. हाक मारताना आडनाव आणि हुद्दा, वांग साहेब असतील तर 'वांग त्सोंग', ज्यांच्याकडून काही शिकायचं त्यांना 'लाओशर', सिक्युरिटी, ड्रायव्हर, दुरुस्तीवाले यांना 'शरफू', म्हणजे उस्ताद. नुसत्या नावाने मोठ्यांना कधीच नाही. कार्ड, कागद, भेटवस्तू, सगळं दोन्ही हातांनी. भेट दिलीस की ते दोन-तीनदा नको म्हणतील, तूही दोन-तीनदा आग्रह कर, आणि तुझ्यासमोर उघडली नाही तर वाईट वाटून घेऊ नकोस.

वीचॅटवरची, म्हणजे तिकडच्या व्हॉट्सॲपसारख्या ॲपवरची रीत तर वेगळीच आहे आणि तिथे खरी गडबड होते. एकमेकांना ॲड करताना लहानाने मोठ्याचा कोड स्कॅन करायचा. साहेबाला व्हॉइस मेसेज पाठवायचा नाही, साठ सेकंदांचा तर मुळीच नाही, त्याला मीटिंगमधे ऐकता येत नाही, टाइप कर. ग्रुपवर काम सांगितलं की 'मिळालं' एवढं तरी लिहायचं. तो साधा हसरा चेहरा असतो ना, पिवळा, ओठ मिटलेला, तो पन्नाशीचे लोक खरोखर प्रेमाने पाठवतात आणि तुझ्या वयाचे त्याला टोमणा समजतात. एकच चिन्ह, दोन पिढ्या, दोन अर्थ. कोणी पाठवलं ते बघून वाच. साहेबाने ग्रुपवर होंगबाओ, म्हणजे पैशांचं लाल पाकीट, टाकला तर उघड, आभार मान, आणि नुसते पैसे घेऊन गप्प बसू नकोस.

दारू. तू घेत नाहीस हे मला माहितीय. मग पहिल्या पेल्याच्या आधी सांग, पहिला पेला ओतल्यावर नाही, आणि कारण एकच दे आणि रात्रभर तेच ठेव. आधी थोडी घेऊन नंतर नको म्हटलंस की मग कोणी ऐकत नाही, त्यांना वाटतं तू माणूस बघून बदलतेस. चहाचा कप हातात धरून प्रत्येकाशी उभं राहून पेला कर, न चुकता, त्यात कमी पडू नकोस, आणि कप खाली धर. आपण दारू नाकारतोय, माणसाला नाकारत नाहीये हे एवढ्याने कळतं. तरीही कोणी दाबलं तर दुय्यम यजमानाकडे बघ, सांभाळून घेणं हे त्याचंच काम आहे, आणि चांगला असेल तर तो तुझ्या वतीने स्वतः पितो. आणि त्यानेही मान फिरवली, तर उठून बाहेर जा. खरंच जा. नोकरी दुसरी मिळते.

जेवायला जायच्या आधी हॉटेलवर काहीतरी खाऊन घे, दुभाषाला टेबलावर जेवायला मिळत नाही, सगळे घास गार होतात. आणि एक गोष्ट करत जा, तुला कोणी सांगणार नाही. सगळे वर जेवत असतात तेव्हा ज्याने गाडीने आणलं तो ड्रायव्हर शरफू बऱ्याचदा खाली थांबलेला असतो, त्याचं जेवण झालंय का हे दुय्यम यजमानाला हळूच विचार. विचारलं की लगेच वेटरला सांगून खाली नूडल्स पाठवतात, पाच मिनिटांचं काम आहे, फक्त कोणाच्या लक्षात नसतं.

तुझी,
ताई